शांतता, आवृत्ती एक ते चार

२ फेब्रुवारी
बायको लेकीला घेऊन तिच्या भावाकडे गेली. कारण क्षुल्लक. स्क्रूड्रायव्हर फ्रिजच्या दारात घुसला. घुसला म्हणजे मी फेकला, पण भिंतीवर फेकला होता. फ्रिज मध्ये आला. मी मुळात शांत माणूस आहे. माझ्या आसपासच्या वस्तू शांत नाहीत.

जाताना टेबलावर एका समुपदेशक बाईंचा नंबर ठेवून गेली. म्हणाली, महिनाअखेरीला येऊन बघेन. माणूस बदललेला दिसला तर राहीन, नाही तर बटणचं नाव तिकडच्या शाळेत घालते. बटण म्हणजे आमची लेक. लहानपणी माझ्या प्रत्येक लॅपटॉपचं बटण दाबायला धावायची, म्हणून हे नाव. आता येत नाही. अभ्यास वाढलाय.

३ फेब्रुवारी, सकाळ
निश्चय: समुपदेशक बाई नकोत. परक्या बाईसमोर बसून आपलं बालपण सांगायचं आणि तिने मान डोलवायची, एवढं मी घरच्या घरी करू शकतो.

माझ्याकडे सात जुने लॅपटॉप आहेत. त्यातला सर्वात तरुण पंचवीस वर्षांचा. लोक असली यंत्रं भंगारात देतात, मी त्यांच्यासाठी प्रोग्रॅम लिहितो. बॅटरी किती उरली ते सांगणारा. हार्ड डिस्कला मधूनमधून विश्रांती देणारा. मेलेल्या की-चं काम शेजारच्या की-ला देणारा. सगळे उपयोगी. बॅटरीवाला इंटरनेटवरून एका अनोळखी माणसाने उतरवूनसुद्धा घेतला. नंतर त्याने लिहिलं की याने माझं यंत्र बंद पडलं. तो माणूस कुठे राहतो ते मी अजून शोधतोय.

आता राग मोजणारा प्रोग्रॅम लिहिणार. नाव ‘शांतता’.

३ फेब्रुवारी, दुपार
कल्पना सोपी आहे. शांत माणूस एका वेळी एक की दाबतो. चिडलेला माणूस मूठ मारतो, म्हणजे पाच-सहा की एकदम. तसं झालं की प्रोग्रॅम एक राग नोंदवणार आणि कीबोर्डला कुलूप लावणार. ‘मी शांत आहे’ हे वाक्य सावकाश आणि बिनचूक टाइप केलं तरच कुलूप उघडणार. महिनाअखेरीला रागांचा आकडा बायकोपुढे ठेवायचा. नुसतं ‘मी बदललो’ म्हणणारे नवरे खंडीभर असतात. आकडा दाखवणारा मी एकटाच असेन.

६ फेब्रुवारी
आवृत्ती एक तयार. सगळ्यात दणकट यंत्रावर चढवली, ज्याला मी पहिलवान म्हणतो. वजन साडेचार किलो.

चाचणीसाठी मूठ मारली. कुलूप लागलं. वा! वाक्य टाइप केलं. एक अक्षर चुकलं. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा चुकलं, कारण पहिलवानाची एक की अडकते. (अडकलेल्या की-साठीचा माझा प्रोग्रॅम चालवावा, तर त्यासाठी टाइप करावं लागतं आणि कुलूप लागलेलं.) तिसऱ्यांदा वाक्य जवळजवळ पूर्ण झालं होतं आणि की अडकली. तळपायाची आग मस्तकात गेली. मूठ. दुसरं कुलूप.

पहिलवान गेला. गॅलरीच्या दारातून गेला. दार बंद होतं.

काच झाडून घेतली. प्रोग्रॅम मात्र उत्तम चालतो यात शंका नाही. दोष यंत्रात होता.

७ फेब्रुवारी
विचार केला. आवृत्ती एक जरा हळवी आहे. किरकोळ वैताग आणि खरा राग यात तिला फरक कळत नाही. आवृत्ती दोनमध्ये एकदम बारा की दाबल्या गेल्या तरच राग धरायचा. मूठ ठेवून मोजून पाहिलं, माझ्या मुठीखाली जास्तीत जास्त नऊ येतात. हात लहान आहे. आईकडून आलाय.

आजचे राग: शून्य. पहिल्याच दिवशी एवढी सुधारणा.

११ फेब्रुवारी
गोदामात गैरसमज झाला. मी पाइप-फिटिंगच्या गोदामात माल नोंदवतो. वळणाच्या पाइपांची खोकी बारकोडच्या बंदुकीने वाचायची असतात. बंदुकीने एकच खोकं अकरा वेळा वाचलं. मी तिला नीट समजावलं. बाराव्यांदा वाचलं तेव्हा माझ्या हातातून ती सुटली.

मॅनेजर त्या दिशेला उभा होता, हे माझी तिकडे पाठ असताना कसं दिसणार? त्याच्या कानाला तीन टाके. तो रॅकला धरून खाली बसला, रॅक कलला, आणि पाऊण इंची वॉशरचं आख्खं खोकं त्याच्यावर ओतलं गेलं. त्यात माझा हात नाही. रॅक गोदामाचा आहे.

सक्तीची रजा मिळाली. बरंच झालं, प्रोग्रॅमला वेळ मिळेल. घरी येऊन यंत्र उघडलं. राग: शून्य. मनाला फार आधार वाटला. म्हणजे तो राग नव्हताच.

१४ फेब्रुवारी
वरच्या मजल्यावर एक माणूस दिवसभर भिंतीत भोकं पाडतो. ड्रिलवाला म्हणतो मी त्याला. चार वर्षं झाली, त्याची भिंत कशी उभी आहे हेच नवल. आज त्याचं ड्रिल नेमकं माझ्या डोक्यावर.

शांतपणे बोलून घ्यावं म्हणून वर गेलो. हातात हातोडी होती, ती खाली ठेवायचं राहून गेलं. त्याने दार उघडलं, हातोडी पाहिली आणि आधी मलाच ठोसा मारला. माझा ओठ फाटला. मग मी नाइलाजाने त्याची कॉलर धरली. दोघे जिन्यावर आलो, तिथून दोघे एकत्र खाली आलो. मधल्या वळणावर त्याने माझ्या मांडीला चावा घेतला. चाळिशीचा माणूस! मी त्याचं डोकं कठड्यावर दोनदा आपटलं. तिसऱ्यांदा आपटणार होतो पण आवरलं. ही नोंद घेण्यासारखी गोष्ट आहे. महिन्यापूर्वी मी आवरलं नसतं.

ओठातून रक्त कीबोर्डवर पडलं, एक की चिकट झाली. पुसली. राग: शून्य.

१५ फेब्रुवारी
ती की सुटेना. आणखी एक यंत्र गेलं. या वेळी फेकलं नाही, गुडघ्यावर मोडलं. आवाज कमी होतो. पाच उरली.

आवृत्ती तीन. आता की वीस.

२० फेब्रुवारी, सकाळ
मेहुणा आला. बटणचं भूगोलाचं पुस्तक राहिलंय म्हणाला. चपला काढल्या नाहीत, उंबऱ्यातच उभा राहिला. मी आपुलकीने आत बोलावलं, त्याला ‘शांतता’ दाखवावी म्हणून. तो म्हणाला, दाजी, तुम्ही त्या बाईंना फोन केलात का? मी म्हटलं, हे बघ, शून्य. तो म्हणाला, ताईला शून्य नकोय, तिला फोन हवाय.

पाहुण्यासारखं वागवलं की अशी डोक्यावर बसतात माणसं. मी त्याला पुस्तक दिलं. म्हणजे फेकून दिलं. भूगोलाचं पुस्तक जाड नसतं, तरी त्याच्या नाकाचा घोळणा फुटला. त्यानेही मग माझी मान बगलेत दाबली. दहा वर्षांनी लहान आहे, रोज व्यायाम करतो, त्यामुळे सामना बरोबरीचा नव्हता. मी हाताला लागेल ते उचललं. ते छोटं करडं यंत्र निघालं. ते त्याच्या पाठीत घातलं. यंत्राचे दोन तुकडे झाले, मेहुण्याचा एकही नाही.

जाताना नाकाला रुमाल लावून म्हणाला, बटण खाली गाडीत बसली होती, सगळं ऐकू आलं असेल. मी गॅलरीतून खाली पाहिलं. गॅलरीच्या दाराला काच नाही, त्यामुळे आवाज जातो हे खरं. काचवाल्याला बोलवायला हवं.

२० फेब्रुवारी, दुपार
मेहुण्याच्या बाबतीत ‘शांतता’ची साक्ष घेतली. शून्यच. मारामारीच्या वेळी मी कीबोर्डला बोटही लावलं नव्हतं. आगीत तेल ओतणारे लोक असताना इतका संयम, मला स्वतःचं कौतुक वाटलं.

२६ फेब्रुवारी
आवृत्ती चार, शेवटची. तीस की. रोजच्या आकड्यांचा आलेखही काढला. ७ तारखेपासून आजपर्यंत एक सरळ आडवी रेघ. एवढी सरळ रेघ मी शाळेत पट्टीनेही काढली नव्हती.

घर आवरलं. भिंतीतल्या खड्ड्यावर कॅलेंडर, फ्रिजच्या भोकावर चुंबकाचं फूल. गॅलरीला पुठ्ठा लावला. माझ्या मांडीवरचे दात विजारीखाली आहेत.

परवा दोघी येणार. बायको आकडा पाहील, कपाळाला हात लावेल, म्हणेल मी तुम्हाला ओळखलंच नाही. मी फार ताणून धरणार नाही. लगेच माफ करणार.

२८ फेब्रुवारी, दुपार
आल्या. बटण उंच झालीय. आत येताच तिने टेबलावरचे काचेचे ग्लास उचलले, वरच्या फळीवर नेऊन ठेवले. मग कात्री ड्रॉवरमध्ये टाकली. मग खुर्ची टेबलाखाली सरकवून मोकळी जागा केली. कुणी सांगितलं नव्हतं. मुलीला काय वळण लागलंय! मी बायकोला तसं बोलूनही दाखवलं.

आलेख दाखवला. बायकोने नीट पाहिला. मग विचारलं, माझ्या भावाचं नाक यात कुठे आहे? मी समजावलं की नाक कीबोर्डला जोडलेलं नाही. गॅलरीची काच? तीही नाही. मॅनेजरचा कान? हे तिला कुणी सांगितलं कोण जाणे. मी म्हटलं, या प्रोग्रॅमची पद्धत वेगळी आहे, प्रत्यक्ष बघ.

बटणला कीबोर्डपाशी बसवलं. म्हटलं, तुझं नाव लिही. तिने एका बोटाने की दाबली. दाबली कसली, नुसतं बोट टेकवलं. अक्षर उमटेना. जुन्या यंत्राला जरा जोर लावावा लागतो. मी सांगितलं, जोरात दाब. ती नुसतीच की-कडे बघत राहिली. मी पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने. तिने दोन्ही हात मांडीखाली घेतले.

बायको उठायला लागली. मी म्हटलं थांब, चिडल्यावर कसं कुलूप लागतं ते दाखवतो. मूठ मारली. कुलूप लागेना. कसं लागणार, तीस की ठेवल्या होत्या. दोन मुठी मारल्या. राग: शून्य. कोपर मारलं. शून्य. बायको म्हणाली, पुरे. मी म्हटलं, पुरे कसं, याच्यामुळे मी खोटारडा ठरतोय. दोन्ही हातांनी बडवलं, की उडाल्या, एक कॅलेंडरपर्यंत गेली, पडद्यावर ढिम्म शून्य. मी ओरडत होतो, मी चिडलोय, नोंद कर, चिडलोय ना मी! बटण तोपर्यंत भिंतीला लागून दाराकडे सरकली होती. मी यंत्र डोक्यावर उचललं.

त्याचं झाकण उलटं उघडलं, बिजागरी तुटली आणि खालचा जड भाग माझ्याच पायावर आला.

२८ फेब्रुवारी, संध्याकाळ
उजव्या पायाची दोन बोटं मोडली. प्लास्टर.

दवाखान्यात डॉक्टर बाईंनी विचारलं, कसं झालं? मी तोंड उघडायच्या आत बटणने सांगितलं, कपाटावरून पेटी पडली. अडखळली नाही. डॉक्टरांकडे सरळ बघून बोलली. कपाट केवढं, ते हात वर करून दाखवलं. आमच्याकडे तसलं कपाट नाही.

बायको औषधं आणायला गेली तेव्हा मी विचारलं, खोटं कशाला बोललीस? खरं म्हणजे मला बरं वाटलं होतं, लेकीने आपली बाजू घेतली म्हणून. ती म्हणाली, नेहमी हेच सांगते. शाळेत बाईंनी विचारलं तर, मैत्रिणी घरी खेळायला येऊ का म्हणाल्या तर. आमचं घर खूप जुनं आहे, वस्तू आपोआप पडतात, तुम्ही येऊ नका, लागेल, असं सांगते. आणि मग मलाच विचारलं, बाबा, दुखतंय का?

मला लाज वाटली. दुसरा शब्द सुचत नाही. बोटं दुखत होती, पण मी नाही म्हणालो.

बायकोने मला टॅक्सीत बसवलं, ड्रायव्हरला पत्ता सांगितला, औषधं केव्हा घ्यायची ते सांगितलं. मला वाटलं आता दुसऱ्या बाजूने बसेल. तिने दार लावलं. मागच्या टॅक्सीत त्या दोघी बसल्या आणि वळून गेल्या. भांडण नाही, रडणं नाही.

आता घरी आहे. पुठ्ठ्याच्या फटीतून वारा येतोय. बटणला सांगायचं राहून गेलं की आपलं घर जुनं नाही. आम्ही राहायला आलो तेव्हा ती रांगत होती. ओल्या रंगाला हात लागू नये म्हणून मी दिवसभर तिला कडेवर घेऊन हिंडलो होतो.