पिल्लांना नावं देऊ नयेत

२ एप्रिल

आलो एकदाचे! अठरा खोकी, दोन पोरं आणि मी. हे बोटीवर, ऑगस्टशिवाय यायचे नाहीत, त्यामुळे हमालापासून हेडमास्तरापर्यंत सगळी कामं माझीच. ही डायरीसुद्धा त्यांच्यासाठीच. बोटीवर फोन लागत नाही तर लागत नाही, आले की एकदम वाचायला देईन. म्हणजे मग “तुम्ही तिकडे काय काय केलंत” हे विचारायची गरज नको.

घर छान आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघराची खिडकी थेट कड्याकडे उघडते. भांडी घासता घासता समोर गरुड घिरट्या घालताना दिसतो. फुकटात एवढी चैन! निरीक्षण केंद्र अंगणाच्या पलीकडे, चाळीस पावलांवर. ढब्बूनं मोजली. नऊ वर्षांचा झाला, पण अंगावर मूठभर मांस नाही, म्हणून तर ढब्बू म्हणायचं. पिटू चार वर्षांची. तिनं आल्या आल्या कपाटातली खालची फळी स्वतःची म्हणून जाहीर केली आणि बाहुलीला तिथं झोपवलं.

५ एप्रिल

काम सोपं आहे. कड्याच्या टोकाला एक वाळकं झाड आहे, त्यावर गरुडाचं घरटं आणि घरट्यावर कॅमेरा. उजाडल्यापासून मावळेपर्यंत पडद्यासमोर बसायचं आणि काय दिसतं ते वहीत उतरवायचं. नर किती वाजता आला, काय आणलं, मादी अंड्यांवरून कधी उठली. हाच कॅमेरा इंटरनेटवर चालू असतो. जगभरातले हजारो लोक तो बघत बसतात. त्यांच्यासाठी संध्याकाळी चार ओळी लिहायच्या, तेही माझ्याकडेच. शाळेत निबंधाला कधी सहाच्या वर मार्क पडले नाहीत, आणि आता बघा!

माझ्या आधी हे काम दुर्बीणकाका करायचे. आता फक्त सकाळी येऊन बसतात. चहा पितानासुद्धा गळ्यातली दुर्बीण काढत नाहीत. पडद्याकडे मात्र पाठ करून बसतात, नुसते खिडकीतून बाहेर बघतात. त्यांनी दोनच गोष्टी शिकवल्या. वहीत अंदाज लिहायचा नाही, दिसेल तेच लिहायचं. आणि पिल्लांना नावं द्यायची नाहीत. एक नंबर, दोन नंबर, बस्स. का, असं विचारलं तर म्हणाले की लळा लागतो. म्हातारी माणसं!

१० एप्रिल

पहिलं अंडं फुटलं! ओल्या कापसासारखा गोळा, मान टाकून पडलेला. मी एवढ्या जोरात ओरडले की मॅडम आतून धावत आल्या. मॅडम म्हणजे केंद्राच्या प्रमुख, तोंडावर कधी हसू नाही. त्या घड्याळ बघून म्हणाल्या की वेळ लिहा.

१३ एप्रिल

दुसरंही आलं. पहिल्याच्या निम्मंच. शाळा सुटल्यावर पोरं केंद्रात आली आणि पडद्याला नाक लावून बसली. ढब्बूनं विचारलं, यांची नावं काय? मी म्हटलं, मोठा ढब्बू आणि धाकटी पिटू, आणखी काय! पिटू हसून हसून जमिनीवर लोळली. तिचं हसू बघून मला काय अवदसा आठवली कोण जाणे, संध्याकाळच्या चार ओळींत तेच लिहिलं. ढब्बूनं पोटभर खाल्लं, पिटूच्या वाट्याला दोन घास आले.

१५ एप्रिल

नावं लोकांनी डोक्यावर घेतली. सातशे कॉमेंट. कुणी ढब्बूचं चित्र काढून पाठवलं, कुणी पिटूवर कविता केली. काकांना दाखवायला गेले तर त्यांचा चेहरा उतरला. कप तसाच ठेवून ते उठून गेले. मॅडमनी ताकीद दिली, पण खोडायचं नाही म्हणाल्या, बघणारे वाढलेत.

१८ एप्रिल

मोठं पिल्लू धाकट्याला टोचतं. नरानं ससा आणला, मादी भरवायला बसली आणि धाकटीनं मान वर केली रे केली की मोठा तिच्या डोक्यावर चोच मारतो. ती मान घालून कोपऱ्यात तोंड लपवते. मॅडम म्हणाल्या, या जातीत असंच असतं. दुसरं अंडं हे राखीव. पहिलं जगलं की दुसरं क्वचितच वाचतं. इतक्या थंडपणे सांगितलं की मला चीड आली.

घरी येऊन बघते तर पिटूच्या डोक्यावर टेंगूळ. ढब्बूनं मारलं. तो कधी तिला बोट लावत नाही! चांगला धपाटा घातला त्याला. रडला, म्हणाला की मारायचं नव्हतं, हात आपोआप गेला.

२० एप्रिल

ढब्बूला अचानक भूक सुटली आहे. सकाळी पाच उकडलेली अंडी खाल्ली, वर माझंही घेतलं. वाढीचं वय, म्हणून मी आधी खूशच झाले. पण पिटू जेवत नाही. आधी निदान घास गालात धरून बसायची, आता ताट समोर आलं की भिंतीकडे तोंड करते आणि मान खाली घालते. तश्शी मान मी दिवसभर पडद्यावर बघून आलेली असते.

नाही, असले विचार करायचे नाहीत.

२१ एप्रिल

सकाळी अकरा दहाला मोठ्यानं धाकटीचा डावा डोळा फोडला. मीच वहीत लिहिलं, डावा.

साडेअकराला शाळेतून फोन. पिटूचा डावा डोळा सुजून बंद झालाय, काही लागलं नाही, कुणी मारलं नाही, ढब्बू तर दुसऱ्या इमारतीत वर्गात होता.

कपाळ माझं. मी काय केलं हे?

२२ एप्रिल

शेजारच्या नर्सताईंनी पिटूचं वजन केलं. आठवड्यात दोन किलो कमी. डॉक्टरांनी रक्त तपासलं, पोट तपासलं, काही नाही. सगळं उत्तम आहे म्हणतात! उत्तम असलेली पोर उचलली तर हातात कपडेच येतात.

ढब्बूचे खांदे भरलेत. शर्टाचं बटण लागत नाही. तो फार वेळ पापणी लववत नाही.

२३ एप्रिल

मॅडमच्या पाया पडले. खरंच पडले. म्हटलं, माणूस पाठवा, दोर लावा, धाकटं पिल्लू खाली आणा, मी हातानं भरवते. त्या म्हणाल्या की आपण बघायचं काम करतो, हात घालायचं नाही. नियम आहे. माझी लेक चाललीय हो, असं मी ओरडले. त्यांनी मला पाणी दिलं आणि दोन दिवस सुट्टी घ्या म्हणाल्या.

वहीतली नावं ब्लेडनं खरवडली. इंटरनेटवर लिहिलं की आजपासून फक्त एक नंबर आणि दोन नंबर. कुणी ऐकत नाही. ‘आमची पिटू ती पिटूच.’ ‘बिचारी पिटू, दोन दिवस काढेल फार तर.’ ‘पिटू जाईल तेव्हा मी बघू शकणार नाही.’ खाली रडणारी तोंडं. कोण कुठली माणसं, कुठे कुठे घरात बसून माझ्या पोरीचे दिवस मोजतायत.

२५ एप्रिल

सकाळी काकांचं घर गाठलं. दार उघडेनात, मी दारातच बसून राहिले. शेवटी आत घेतलं. भिंतीवर बायकोचा हार घातलेला फोटो. मी विचारायच्या आधीच काका बोलायला लागले. सहा वर्षांपूर्वी एका धाकट्या पिल्लाला त्यांनी गमतीनं बायकोचं नाव दिलं होतं. एवढंच सांगून फोटोवरचा हार सरळ केला. मग म्हणाले, लळा लागतो असं सांगितलं कारण खरं सांगितलं असतं तर मी हसले असते. खरंय. हसलेच असते.

एकदा दिलेलं नाव पुसलं जात नाही, म्हणाले. त्याच्यावर दुसऱ्या जित्या माणसाचं नाव चढवावं लागतं आणि ते लोकांच्या तोंडी बसावं लागतं. हे त्यांना फार उशिरा कळलं. कुणाचं चढवायचं, असं मी विचारलं. त्यांनी मान खाली घातली. माझं नाव घ्या असं काही म्हणाले नाहीत. मी तरी का अपेक्षा करावी?

२६ एप्रिल

दुपारभर पडद्यासमोर बसून मॅडमचं नाव टाईप केलं. खोडलं. पुन्हा केलं. त्यांची म्हातारी आई रोज डबा घेऊन येते, फाटकापाशी उभी राहते, मॅडम खाईपर्यंत हलत नाही. मेलं, नेमकी तेव्हाच आली. खोडलं.

पिटू आता पाणीही गिळत नाही. कपाटाच्या खालच्या फळीवर, बाहुलीच्या जागेवर, पाय पोटाशी घेऊन पडलेली असते. मी हाक मारली की मान वर करते आणि लगेच खाली घालते. मला भिते. मला!

मग सुचलं. इतकं सोपं होतं की आधी कसं सुचलं नाही?

माझी आई मला बबडी म्हणायची. लिहिलं: ‘माझी चूक झाली. या धाकट्या पिल्लाचं खरं नाव बबडी. चिवट आहे, हरायची नाही. तिला याच नावानं हाक मारा, मला बरं वाटेल.’ मोठ्याचं नाव तसंच ठेवलं. तो जगणारच आहे, खाणार, वाढणार, उडणार. ढब्बूच्या अंगावर ते नाव राहिलेलं बरं.

२७ एप्रिल

लोकांना नाव आवडलं! ‘बबडी, खा गं.’ ‘बबडी, धीर धर.’ शेकड्यांनी!

आणि पिटूनं दूध मागितलं. आपणहून. दोन कप प्यायली, ब्रेड खाल्ला, परत मागितला. डोळा उघडला. मी स्वयंपाकघरात फरशीवर बसून हमसून हमसून रडले. देवा, तुझे उपकार कसे फेडू?

मला भूक नाही. आनंदानं असेल.

२८ एप्रिल

घास तोंडाशी नेला की मान आपोआप खाली जाते. डोक्यावर तीन जखमा. कुणी मारलं नाही.

मॅडमनी पासवर्ड बदलला. मी बरी होईपर्यंत काही लिहायचं नाही म्हणाल्या. राहू दे. काम झालंय माझं.

नर तीन दिवस घरट्यावर आलेला नाही. आज मादीही भक्ष्य शोधायला गेली, परतली नाही. मोठा ओरडतोय, सारखा.

घरात ढब्बूनं डबे रिकामे केले. कच्चे तांदूळ खाल्ले. तरी भूक, तरी भूक म्हणतो आणि रडतो.

२९ एप्रिल

नर्सताई पिटूला त्यांच्याकडे घेऊन गेल्या. मीच पाठवलं. जाताना ती उड्या मारत होती, मागे वळून टाटा केला. ढब्बूलाही न्या म्हणणार होते, पण तो कपाटावर चढून बसला होता. वाकून. खाली येईना. त्यांच्याकडे नाही, माझ्याकडे बघत होता.

फोनवर घरटं लावलं. मादी नाही. मोठा धाकटीच्या अंगावर पाय देऊन उभा आहे.

आता कळलं. मोठ्याचं नाव मी तसंच ठेवलं. मीच —

मोठ्याचं नाव बदला म्हणून मॅडमना फोन केला, उचलत नाहीत. काकांच्या दाराला कुलूप.

३० एप्रिल

सकाळपासून आतून कडी लावून बसलेय. उजवा हात उचलवत नाही, डाव्यानं लिहितेय. तो बाहेर आहे. माझं लेकरू. दाराला डोकं टेकून रडतोय. म्हणतो आई उघडू नकोस. मग म्हणतो आई भूक लागली. मग परत, उघडू नकोस.

फोनवर — मोठ्याचं डोकं लटपटतंय. उभं राहवत नाही त्याला. कॉमेंट: ‘ढब्बूला आज काही मिळालं नाही तर तोही जाईल.’ ‘बबडी आहे ना.’ ‘निसर्ग आहे.’

बाहेर आवाज बारीक झालाय. आता रडतही नाही. दारातून श्वास ऐकू येतो, तुटक —

तो घसरला बहुतेक. खाली बसला.

नाही. दोन्ही पिल्लं नाही जाऊ द्यायची. एक तरी मी —

अहो, हे वाचाल तेव्हा पिटूला जवळ घ्या. आणि त्याला काही विचारू नका. त्याला रागवू नका. त्यानं नको म्हटलं होतं. म्हणावं, तुझ्या आईनंच कडी का —