पोरीसाठी चाकू

आबा, तुमच्याशी मी जन्मभर अहिराणीत बोललो, आणि आता लिहायला बसलो तर हाताला कचेरीची मराठी येते आहे. चालवून घ्या. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होत आली. माझी मुलगी तुम्ही पाहिलीच नाहीत, ती आता नववीत आहे. तुम्हाला विचारायचं होतं ते एवढंच, की एवढ्या मुलीला खिशात मावेल असा, न मिटणारा, चांगल्या पोलादाचा चाकू घेऊन द्यावा की नाही. हे मी उन्हाळ्यात, तिनं मागितला तेव्हाच स्वतःला नीट विचारलं असतं तर लिहायची वेळ आली नसती. आता गणपती येऊन गेले, चाकू घरात आहे, आणि मधल्या काळात मी जसा वागलो ते सांगायला तुमच्याशिवाय दुसरं कुणी सुचत नाही.

आमच्या घरामागे, जळगावातच, एक प्लॉट बरीच वर्षं मोकळा पडलाय. त्यात एक रानबोर आहे. बोरं येतात, पण किडकी आणि तोंड वाकडं करायला लावणारी. पोरीच्या शाळेतल्या बाईंनी वर्गात कलमं कशी करतात ते सांगितलं, आणि हिच्या डोक्यात बसलं की या रानबोरीवर मेहरूणच्या गोड बोरीचा डोळा, म्हणजे काडीवरचा कोंब, भरायचा. मैत्रिणीच्या मळ्यात मेहरूणची झाडं आहेत, तिथून काडी मिळणार होती. प्लॉटच्या मालकाला जाऊन ही स्वतः विचारून आली. एप्रिलमध्ये शेजाऱ्यांची करवत आणून झाड बुडाजवळ कापलं, म्हणजे पावसाळ्यापर्यंत नवे फुटवे येतील. एवढं सगळं झाल्यावर माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "पप्पा, मला एक छोटा चाकू पाहिजे. मिटणारा नको. डोळा काढताना पातं हललं की साल फाटते."

मी पेपरातून मान वर न काढता म्हणालो, "मुलीच्या हातात चाकू? लोक काय म्हणतील?"

"पप्पा, घरातली विळी चाकूच्या दुप्पट आहे. तिच्यावर मला पाचवीपासून बसवलंय, तेव्हा लोक काही म्हणाले नाहीत."

तिची आई स्वयंपाकघरात हसली. ते हसू माझ्या मनाला लागलं. मी म्हणालो, हल्ली कॉलेजच्या पोरांच्या दप्तरात काय काय सापडतं, पेपरात वाचत नाहीस का, आणि एकदा हातात धार आली की ती कुठे चालेल सांगता येत नाही. खरं तर त्यातलं एक वाक्यही मला हिच्याबद्दल वाटत नव्हतं. तिनं पुन्हा मागितला नाही. मला वाटलं, विसरली.

आबा, तुम्ही मला दिला तेव्हा मीही एवढाच होतो. तुम्ही धरणगावच्या कापसाच्या जिनिंगमध्ये होतात. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मला शाळेतून उचललंत आणि बाजारात त्या चाचांकडे नेलंत, जे सुऱ्या-कात्र्यांना धार लावायचे आणि चाकूही बनवायचे. त्यांनी आधी मिटणारा दाखवला, शिंगाच्या मुठीचा, चकचकीत. माझे डोळे त्याच्यावरच. तुम्ही तो उघडलात, मिटलात, परत ठेवलात. "हाऊ बोटंवर मिटस," म्हणालात. मग साधा लाकडी मुठीचा घेतलात आणि चाचांना विचारलंत, "पातं मूठमा कुठलोंग गयं शे?" चाचांनी मूठ उलटी करून दाखवली. पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत गेलेलं, दोन पितळी रिबिटांनी धरलेलं. तुम्ही मान हलवलीत. मला त्या वेळी मिटणारा मिळाला नाही याचंच वाईट वाटत होतं. पुढे आठवड्याभरात मी तो चाकू कडुलिंबाच्या खोडावर फेकून रुतवायचा खेळ सुरू केला. तुम्ही पाहिलंत. तुम्ही ओरडला नाहीत. संध्याकाळी ओट्यावर दगड घेऊन बसलात, वाकलेलं टोक घासून सरळ केलंत, आणि माझ्या हातात मुठीकडून देत म्हणालात, "हाई खेळनं शे का?" बस, एवढंच. मी परत कधी फेकला नाही. तुम्ही गेलात त्या वर्षी घरातलं सामान हललं, त्यात तो कुठे गेला ते मला आणि धाकट्यालाही माहीत नाही.

हे सगळं मी कुणाला सांगितलं, ऐका. जूनमध्ये धुळ्याला धाकट्याकडे गेलो होतो. त्याचा मुलगा दहावी झाला, मार्क बरे पडले, म्हणून देवपूरच्या त्याच्या घरी जेवण होतं. मी पुतण्यासाठी भेट नेली होती. चाकू. चांगला, चार बोटांच्या पात्याचा, चामडी म्यानाचा, नीट शोधून मागवलेला. हो आबा, आणि मागवताना माझ्या मनात एकदासुद्धा आलं नाही की हाच तर ही मागत होती. मुलगा मोठा झाला, आबांनी मला दिला तसा मी त्याला देतो, एवढंच डोक्यात. सगळ्यांसमोर त्याच्या हातात दिला आणि तुमची गोष्ट सुरू केली. चाचा, मिटणारा चाकू, पितळी रिबिटं, कडुलिंबाचं खोड. मला गोष्ट सांगायला आवडते, तुम्हाला माहीतच आहे. लोक ऐकत होते, माझा आवाज चढत होता. पोरगी दारापाशी ताटं घेऊन उभी होती. ती ऐकत होती हे मला दिसत होतं. तरी मी थांबलो नाही.

पुतण्यानं म्यानातून काढून पाहिला, "भारी आहे मोठे पप्पा," म्हणाला, आणि टीव्हीशेजारी ठेवून परत मोबाईल घेतला. त्याचा काय दोष? त्यानं मागितला नव्हता. आई कोपऱ्यात खाटेवर बसली होती. तिला आता कमी ऐकू येतं, पण दिसतं सगळं. ती मोठ्यानं म्हणाली, "आनि आंडेरले काय लयना रे?" पोरीला काय आणलंस? मी म्हणालो, "तिला दिवाळीत ड्रेस घेऊ." जेवणं झाल्यावर धाकट्याची बायको त्याच चाकूनं लिंबं चिरत होती आणि माझी मुलगी शेजारी उभं राहून फोडी ताटांत ठेवत होती.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली. मी एकदा म्हणालो, "भूक लागली का?" ती म्हणाली, "नाही." अमळनेर मागे गेलं, धरणगाव गेलं, ती बाहेर बघत होती. भांडली असती तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. ती भांडली नाही.

जुलैमध्ये एका रविवारी मागच्या प्लॉटातून ती हात धरून आली. ओढणी गुंडाळलेली आणि लाल झालेली. ती माझ्या टेबलावरचा कागद कापायचा कटर घेऊन गेली होती, तो ज्याचं पातं तुकड्या-तुकड्यानं मोडतं. बोरीच्या फुटव्याची साल कापताना पातं मोडलं आणि तुकडा अंगठ्याच्या बुडात शिरला. मी तिला स्कूटरवर मागे बसवून डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी तुकडा काढला, जखम धुतली. टाके घालताना त्यांनी विचारलं, "कशानं कापलं?"

मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "विळीनं. कांदा चिरताना."

डॉक्टरांनी हातातला तुकडा पाहिला. विळीचा असा तुकडा पडत नाही हे त्यांना कळलं असणार. पण त्यांनी तिच्याकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "साहेब, घरात एक चांगला चाकू घेऊन ठेवा. असल्या हलक्या पात्यांनीच जास्त लागतं. ज्याला जोर लावावा लागतो ते हत्यार धोक्याचं." मी "हो, हो" म्हणालो. पंधरा वर्षांची पोर हाताला सुई टोचत असताना बापाची लाज राखायला खोटं बोलते, आणि बाप मान हलवतो. आबा, त्या खोलीत मी जमिनीकडे जेवढं पाहिलं तेवढं कधीच कुठे पाहिलं नाही. फरशीच्या कोपऱ्यातला एक टवका अजून डोळ्यांसमोर आहे.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "खोटं का सांगितलंस?"

ती म्हणाली, "डॉक्टर तुम्हाला बोलले असते." आणि स्कूटरवर बसली.

टाके काढल्यावर मी तिला शेतीच्या अवजारांच्या दुकानात घेऊन गेलो. तिनं "कशाला?" असं विचारलं नाही आणि आनंदही दाखवला नाही. दुकानदारानं काउंटरवर पाच-सहा मांडले आणि माझ्याशीच बोलत राहिला, हा बघा साहेब, तो बघा साहेब. तिनं एकेक उचलून मुठीत धरला, अंगठा पाठीवर ठेवून पाहिला. एक देखणा, महागडा होता, तो मीच पुढे सरकवला. तिनं ठेवून दिला. मग एक बुटका, काळ्या मुठीचा, तीन बोटांच्या पात्याचा उचलला आणि दुकानदाराला म्हणाली, "काका, पातं मुठीत कुठपर्यंत गेलंय?"

दुकानदारानं प्रथमच तिच्याकडे नीट पाहिलं. मी मात्र तिकडे पाहू शकलो नाही. तुमचा प्रश्न होता तो, आबा. धुळ्याला मी तो तिच्यासाठी सांगितलाच नव्हता. दारात ताटं घेऊन उभं राहून तिनं तो घेतला होता.

तेव्हा माझ्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं, पण उशिरा. चांगला चाकू घ्यावा. हलका घेऊ नये, मिटणारा घेऊ नये, आणि ज्याला त्याचं काम आहे त्याला द्यावा. लोकांची आणि धारेची भीती वाटते असं मी तेव्हा म्हणालो, ते खरं नव्हतं. मुलगी चाकू मागते हे मला ऐकूच आलं नव्हतं. ज्या घरात आईनं जन्मभर विळा कमरेला खोवून कापणी केली त्या घरातला मी.

ऑगस्टमध्ये आम्ही प्लॉटात गेलो. तिनं सांगितलं तसा मी फुटवा धरून उभा राहिलो. तिनं सालीवर आडवा-उभा काप घेतला, मेहरूणच्या काडीवरून डोळा अलगद सोडवला, आत सरकवला, पट्टीनं बांधला. पहिले दोन डोळे काळे पडून गेले. तिनं परत भरले. गणपतीच्या दिवसांत एकातून हिरवा कोंब बाहेर आला, तांदळाच्या दाण्याएवढा. तिनं मला बोलावून दाखवला आणि मी चष्मा घरी विसरलो होतो म्हणून पळत जाऊन आणला.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार? टाकणार नाही. पण लिहिलंच आहे तर एक राहिलेलं सांगतो. काल धाकट्याचा धुळ्याहून फोन होता. बोरीचं मी सांगितलं, तर तो म्हणाला, "अरे वा! डोळा कोणी भरला?" पोरगी समोरच बसून भुईमुगाच्या शेंगा सोलत होती. मी म्हणालो, "आम्ही." तिनं मान वर केली, माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा शेंग हातात घेतली. मी फोनवर पुढे बराच वेळ बोललो, आबा, पण तो शब्द काही दुरुस्त केला नाही.