हाताला मुंग्या, रोहा ते पेण

३ डिसें.
रोह्याशेजारच्या अष्टमीहून ६.१० ला निघाले. पुलावर धुकं. नागोठण्यात दोन घरं, रक्त घेतलं, ठीक. मग कासू, दामूकाका. पहिल्या टोचणीत शीर हुकली. काका पंच्याहत्तरचे, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू, म्हणून दर पंधरवड्याला मी त्यांच्या ओटीवर. दोन वर्षांत एकदाही हुकले नव्हते. आज सुई उचलली तर उजव्या हाताची शेवटची दोन बोटं माझी नव्हतीच. दुसऱ्यांदा मिळाली.
"हात कायला कापतंय गो? थंडी वाजतंय?"
व्हय म्हटलं. थंडीनं नव्हतं. तासभर स्कूटरचं हँडल धरल्यानं होतं.

४ डिसें.
पेणला पोचले, लॅबमध्ये नमुने उतरवले आणि पेनानं हातावरच खुणा केल्या, कुठे बधिर, कुठे नाही. करंगळी पूर्ण. शेजारच्या अनामिकेचा फक्त करंगळीकडचा अर्धा भाग. बरोब्बर मधोमध हद्द! डीएमएलटीला, लॅबच्या कोर्सला, असताना हे घोकलं होतं, एक नस अर्ध्या बोटापर्यंत, पुढचं दुसरीचं. तेव्हा खरं वाटलं नव्हतं. हात ठणकत होता आणि मला चक्क मजा वाटत होती.
घरी नवरा, सुनील, शिफ्टवरून आला, म्हणाला, "ही कसली मेंदी?" सांगितलं. म्हणे ट्रेननं जा काही दिवस. ट्रेन काय पेशंटच्या दारात थांबते?

६ डिसें.
नेमकं कुठे सुरू होतं ते बघायचं ठरवलं. भिसे खिंड, काही नाही. नागोठणे, काही नाही, तळहात जरा गरम. हायवेचा खडबडीत पट्टा लागला आणि कासूच्या अलीकडे करंगळी गेली. अंतरामुळे, की वेळ झाला म्हणून?

७ डिसें.
नागोठण्यात मुद्दाम वीस मिनिटं जास्त थांबले, हात मोकळे सोडून. तरी करंगळी त्याच जागी गेली. म्हणजे वेळ नाही. रस्ता. किंवा त्या रस्त्यावर मी काहीतरी करते. काय करते?

१० डिसें.
सुनीलनं काल हँडलला जाड फोमच्या मुठी बसवून दिल्या, अंघोळीच्या आधी, कंपनीच्या कपड्यांतच. आज नागोठण्याच्या आधीच बोटं गेली. माझा पंजा लहान, जाड मूठ जास्त आवळून धरावी लागते. त्याला सांगायचं कसं, याचाच दिवसभर विचार. शेवटी चहाला सांगितलं.
"मग काढ ना."
एवढंच. आणि मी दिवसभर...

१७ डिसें.
वाईट. दामूकाकांना तीनदा टोचलं. गोळ्यांमुळे लगेच काळंनिळं, कोपरापासून खाली पसरत गेलं. त्यांची सून संगीता कापूस दाबून उभी. दुपारी तिनं लॅबला तक्रारीचा फोन केला. बरोबरच केलं. मीही केला असता.
लॅबच्या डॉ. मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. "तुझी कधी तक्रार येत नाही, म्हणून विचारते. काय झालंय?" रस्ता खराब, म्हटलं. बोटांचं नाही सांगितलं. त्या म्हणाल्या, काउंटरला बस हवं तर, रिपोर्ट द्यायचे, फोन घ्यायचे. नव्या वर्षात ठरवू.
येताना पूर्ण रस्ताभर काउंटरच डोक्यात. सकाळी दारं उघडतात, कुणी उपाशीपोटी वाट बघत बसलेलं असतं, मी हात लावला की त्यांची भीती जाते. काउंटरला काय, काच.

१९ डिसें.
नागोठण्यात इक्बालभाई मेकॅनिककडे. त्यांनी गाडीला हातच लावला नाही आधी. म्हणाले, "मॅडम, स्टँडवर बसा. धरा हँडल, रोज धरता तसं." धरलं. "आता समोर खड्डा आला." आणि माझे हात आपोआप आवळले, कोपर ताठ, सगळं अंग पुढे रेललं. ते हसले. "खड्डा आहे कुठे?"
मग अ‍ॅक्सिलरेटर फिरवून पाहिला. केबल कोरडी ठणठणीत, पीळ घालावा इतका जोर लागतोय. बदलली. पुढच्या चाकात हवा तिसाच्या वर, पंपावर भरतात तशी. गाडीवरच्या स्टिकरवर किती कमी लिहिलीय ते दाखवलं, तेवढी ठेवली. पाच वर्षं ती गाडी माझी, तो स्टिकर मी कधी वाचला नव्हता.

२० डिसें.
रस्ता तोच, पण हँडलची गुणगुण निम्मी! मूठ एका बोटानंही फिरते. करंगळी कासूच्या पुढे, आमटेमपर्यंत टिकली.

२२ डिसें.
आजचा प्रयोग: खड्डा दिसला की हात आवळायचे नाहीत, पायांनी गाडी धरायची. जमत नाही. मेंदू ऐकतो, हात ऐकत नाहीत. खड्डा दिसला की मोठ्यानं "सोड" म्हणायला लागले. शेजारून बाइकवाला गेला, त्यानं वळून पाहिलं. हेल्मेट होतं ते बरं.

२६ डिसें.
हातमोजेही तपासले. मनगटाची पट्टी काचते, वळ उठतो. सैल केली. पेणपर्यंत उजवा हात शाबूत. लॅबच्या पार्किंगमध्ये चारही बोटं एकेक करून अंगठ्याला लावून पाहिली. सगळी कळतात. इक्बालभाईंना फोन केला. म्हणाले, "मैं बोला था ना." बोलले नव्हते, पण असू दे.

३१ डिसें.
कासू. संगीतानं दार उघडलं, हसली नाही. आत गेले आणि आधी बोलून टाकलं. काका, त्या दिवशी थंडी नव्हती. गाडी चालवून बोटं बधिर होतात. मला कळत होतं, तरी टोचलं. चुकलं.
काकांनी माझा हात हातात घेऊन उलटासुलटा पाहिला. मग म्हणाले, "नांगरायला पावर टिलर घेतला तवा दोन हंगाम मलापन असंच. हातात भाकर हाय का नाय, बघितल्याबिगर समजत नव्हतं. म्हातारा झालो म्हटलं. कोनाला सांगितलं नाय."
"कुठली बोटं, काका?" माझ्या तोंडून निघूनच गेलं.
"आता ते कोन बघतंय गो! बस. च्या घे. रगत काय पलून चाललंय?"
संगीतानं न मागता कोमट पाणी आणून ठेवलं. हात बुडवून बसले. परसात वालाची फुलं. दहा मिनिटं.
उजवा हात एकदम स्थिर. मग डाव्या तर्जनीनं शीर चाचपली, नेहमी तशीच शोधते. काहीच लागेना. कापडावरून चाचपावं तसं. मधलं बोट, तेच. अनामिका ठेवली आणि शीर होती, बोटाखाली, गोल, जिवंत. एकाच टोचणीत मिळाली. संगीता म्हणाली, "झालं?" तिला खरं वाटेना.
महिनाभर मी उजव्याच्याच मागे होते. डाव्याचं हे कधीपासून?

१ जाने.
सुट्टी. गाडी जागेवरून हलली नाही. सकाळी पोळ्या लाटताना डावा अंगठा आणि शेजारची दोन बोटं झोपलेली. म्हणजे गाडी नाही? की गाडीचंच, मुरलेलं?

२ जाने.
डॉ. मॅडमना सगळं सांगितलं, काउंटरबद्दल त्यांनी विचारायच्या आधी. उजव्याचं, इक्बालभाईंचं, काकांचं, डाव्याचं. त्यांनी माझं डावं मनगट उलटं धरलं आणि मधोमध बोटानं टकटक केलं. तर्जनीपर्यंत वीज! दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. त्यांनी परत केलं. परत वीज.
"दुखलं?"
"नाही. परत करा ना."
हसल्या. मग गंभीर. पनवेलला नसांची तपासणी, मंगळवारची वेळ घेऊन दिली. मनगटात नसेवर दाब किती आहे, जुना की नवा, ते कळेल. तोवर सोप्या शिरांची घरंच करायची. दामूकाकांकडेही जा, पण सावकाश, म्हणाल्या. काउंटरचं मी काढलं नाही, त्यांनीही नाही.

४ जाने.
रविवार. सुनीलला म्हटलं, आज तू चालव, मी मागे बसते. अष्टमी ते पेण, आहे तोच रस्ता. माझे हात मांडीवर, मोजे नाहीत, काही धरायचं नाही.
"लोक रविवारी किहीमला समुद्रावर जातात," तो म्हणाला. पण निघाला.
मागे बसून रस्ता वेगळाच दिसतो. खिंडीत ऊन आलं होतं. नागोठण्यात दोन्ही हात ठीक. कासू गेलं, ठीक. सुनील दर पाच मिनिटांनी मान वळवून विचारतो, "आल्या का मुंग्या?" नाही, नाही, पुढे बघ.
वडखळच्या अलीकडे डावा अंगठा. मग तर्जनी, हळूहळू, आतून पाणी भरावं तशी. उजवा स्वच्छ. डाव्यात हँडल नव्हतं, ब्रेक नव्हता. नुसता पडलेला हात.
"आल्या का?"
मी डाव्या तर्जनीनं त्याच्या पाठीवर, जर्किनवर, एक रेघ ओढून पाहिली. त्याला कळली, मला नाही.
"काय लिहितेस मागे?"
"तू ओळख," म्हटलं.