मी काय टॉवर आहे?

सोमवार, ४

नाही, मला कार्टून कळत नाही. कळून घ्यायचंही नाही! नात दिवसभर कॉम्प्युटरला चिकटून फिल्म करतेय — म्हणे यंत्रं माणसांना घरातून पकडून नेतात. त्यात नवीन काय? आमच्याकडची कधीच नेलीत.

तिला हेच शिकायला दुसऱ्या गावी जायचंय. मुलगा म्हणाला, "कार्टून काढून पोट भरतं का?" झालं! तेव्हापासून बापलेकीचा अबोला. त्याचं फ्रिज दुरुस्तीचं दुकान खाली, पोरगी वर, मध्ये जिन्यात मी. "आजी, बाबांना सांग, चहा झालाय." "आई, तिला सांग, नकोय." दोघांच्या हातात हे एवढाले फोन! मी काय टॉवर आहे?

बुधवार, ६

गुडघे दुखतात. टॉवरला कोण विचारतंय.

शुक्रवार, ८

मुलगा ग्रीसच्या हातांनीच ताटावर बसला. ओरडले, "मेल्या, हात धुतलेस का?" केस पिकले तरी रोज तेच. बघते तर नात दाराआड फोन धरून उभी! "काय गं भवाने?" तर म्हणे, "आवाज घेतला, आजी. फिल्मला लागतो." माझा आवाज! जगातले बाकीचे घसे बसले वाटतं.

रविवार, १०

फिल्म झाली. "बाबांना सांग, बघायची तर बघा." सांगितलं. आला, पण दाराशीच उभा.

पडद्यावर फ्रिजएवढं डबडं, दिसेल त्याला गिळत सुटलंय. मग एक बोचकं येतं — ते म्हणे मी! नाक तर भोपळ्याएवढं. बोचकं ओरडतं, "मेल्या, हात धुतलेस का?" यंत्र निमूट नळाखाली हात धरतं आणि — फट्! मुलगा पोट धरून हसला. किती दिवसांनी!

विझता विझता यंत्र बोललं, "कामात आहे. नंतर बोल."

आवाज मुलाचाच. अबोल्याआधी पोरीनं दुकानात फोन केला की हा हेच सांगायचा. तेच तिनं पकडून ठेवलेलं.

हसू गेलं त्याचं. जिना उतरला. पोरगी रडवेली. "आता कशाला रडतेस? द्यायची ती चपराक दिलीस ना!" खाली त्याची ठोकाठोक, इकडे हिचं मुसमुसणं. नुसता तमाशा.

सोमवार, ११

भरदुपारी शटर ओढून वर आला. हात स्वच्छ. मी विचारलंही नव्हतं! सरळ तिच्याशेजारी जाऊन बसला. "कधी निघायचंय गं?"

मला कुणी काही सांगायला सांगितलं नाही.

बास. पुढचं लिहिणार नाही.