पेनबरी, गोत्र काश्यप

मुलुंड,
ता. १५ फेब्रुवारी १९५६

तीर्थस्वरूप बाळदादांच्या चरणी धाकट्या अनंताचा नमस्कार. साष्टांगच घालणार होतो, पण खोली अपुरी आणि गेला महिनाभर आमच्या गॅलरीतही आडवं व्हायला जमीन शिल्लक नाही. का, ते पुढे येईलच. तुमच्या गुडघ्याला आता उतार पडला असेल. वहिनींनी निर्गुडीचा शेक तुम्हाला सोडू देऊ नये (तुम्ही सोडला असणार, मला ठाऊक आहे). इकडे कुंदाची तब्येत बरी. वसुधाची घाटकोपरच्या मुलींच्या शाळेतली चित्रकलेची नोकरी उत्तम चालली आहे. माझी मात्र झोप, भूक आणि मन यांपैकी एकही जागेवर नाही. एवढ्या चार ओळी लिहितानासुद्धा मी तीनदा उठून गॅलरीत जाऊन आलो.

आपल्या हिंदळेकर कुलवृत्तांताचं पान एकशे सत्त्याऐंशी तुम्ही तपासायला पाठवून अठरा दिवस झाले. काल तुमचं तिसरं कार्ड आलं, की महिनाअखेर पान परत आलं नाही तर छापखाना ते आहे तसं छापून मोकळा होईल. दादा, पानात चूक नाही. 'अनंत सदाशिव, मुलुंड, हेडक्लार्क' हे बरोबर आहे आणि नावापुढे जे रिकामं वर्तुळ आहे तेही नियमाला धरून आहे. ज्याला मुलगा नाही त्याच्यापुढे वर्तुळ, म्हणजे शाखा इथे संपली, आणि मुलींची नावं द्यायची नाहीत, हा ठराव त्रेचाळीस साली कागदाच्या टंचाईत आपल्या कुलमंडळात मीच मांडला होता. तुम्ही अनुमोदन दिलं होतंत. तेव्हा वर्तुळाबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. उशीर झाला तो निव्वळ पेनबरी घराण्यामुळे.

पेनबरी म्हणजे आमच्या कांजूरमार्गच्या रंगाच्या कारखान्याचे मॅनेजर. येत्या मार्चात साहेब कायमचे विलायतेला चालले. डिसेंबरातल्या एका दुपारी मी आपल्या वृत्तांताची आठवी पिढी लावत बसलो होतो (कचेरीच्या वेळेत, कचेरीच्या कागदावर, कचेरीच्या लाल शाईने, तुमच्यापासून काय लपवायचं) आणि साहेब मागे येऊन उभे. नोकरीची वाट लागली असं समजून मी इतक्या घाईने उठलो की खुर्ची पडली. साहेबांनी तो कागद उचलला, बराच वेळ बघितला आणि हे सगळं तुम्ही एकट्याने शोधलंत का, असं विचारलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी बंगल्यावर बोलावून एक पत्र्याची पेटी माझ्यापुढे ठेवली. त्यांच्या गावच्या पाद्र्याने जुन्या दप्तरांतून उतरवून पाठवलेले कागद होते. सन अकराशे सहासष्टपासून पुढे चारशे वर्षं पेनबरी गावची जमीन कोणाकडे होती, त्याची हकीकत. त्यापुढचं सगळं साहेबांच्या घरच्या बायबलात लिहिलेलं होतंच. यातून एक झकास वंशवृक्ष करून द्या, घरी भिंतीवर लावीन, असं साहेब म्हणाले. मी 'येस सर' म्हणालो. गेल्या एकोणीस वर्षांत मी त्यांना दुसरं काही म्हटलेलंच नाही.

दादा, कागद वाचायला घेतले आणि मला आपल्या खोतांच्याच घरात बसल्यासारखं वाटू लागलं. जमीन राजाची, ती पेनबरींनी कसायची आणि लढाई आली की एक घोडेस्वार पाठवायचा. एका शेताचा वार्षिक खंड तर काय, रत्तलभर मिरी! (आपल्या परसातल्या दोन वेलांवर साहेबांचे पूर्वज जहागीरदार झाले असते.) घरातला कर्ता गेला की बारा गावकरी शपथेवर बसवून विचारायचे, जमीन किती, कोणाकडून मिळाली, वारस कोण, त्याचं वय काय. नातवाला आजोबाचं नाव, ही चालही आपलीच. रॉजरचा राल्फ, राल्फचा रॉजर, असे आठ पिढ्या चालले आहेत. या रॉजर मंडळींनी माझा जीव खाल्ला. पहिल्या खेपेला दोन रॉजर एकच समजल्यामुळे तो गृहस्थ एकशे बारा वर्षं जगला आणि ऐंशीव्या वर्षी त्याने तिसरं लग्न केलं. कुंदा म्हणाली, राहू द्या, साहेबांना बरं वाटेल. मी पुन्हा पहिल्यापासून कागद लावले.

वंशवृक्ष सात फूट लांब आणि चार फूट रुंद झाला. तो वसुधा काढत होती आणि आमच्या खोलीत मावेना, म्हणून गॅलरीत पसरायचा. सगळी बिऱ्हाडं महिनाभर पेनबरींवरून उड्या मारत नळावर जात होती. शेजारच्या रुक्मिणीबाईंना तर त्याचा नादच लागला. चौथा रॉजर बारा वर्षांचा असताना बाप गेला, म्हणून राजाने त्याचं पालकत्व ताब्यात घेतलं आणि त्याच्या लग्नाचा हक्क एका सरदाराला विकला, हे मी सांगितल्यापासून त्या रोज सकाळी बादली खाली ठेवून विचारायच्या, "मगे त्या रॉजराचा लगीन जुळला काय?" जुळलं म्हणून सांगितलं तेव्हा त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पोरगी कशी होती, हेही विचारलं. मी म्हटलं, कागदात बायकांचं फारसं नसतं.

मजकूर मी आपल्या मंडळाच्या छापील नमुन्यावरच भरला (हे सोडून मला दुसरी पद्धत येत नाही). मूळ गाव पेनबरी. कुलदैवताच्या जागी त्यांच्या देवळातले संत निकोलस घातले. गोत्राशी गाडी अडली. रकाना रिकामा ठेवायची मला सवय नाही. कुंदा पोळ्या लाटता लाटता म्हणाली, त्यात काय एवढं, ज्याला आपलं गोत्र माहीत नाही त्याचं काश्यप. शास्त्राला धरूनच बोलली ती. मी पेनबरींचं गोत्र काश्यप लिहिलं आणि वसुधाने ते इंग्रजी अक्षरांत सोनेरी शाईने वर मधोमध काढलं.

मग तेराशे एकोणपन्नास साल आलं. त्या साली विलायतेत प्लेगासारखी साथ होती. एका महिन्यात राल्फ गेला आणि त्याचे दोन्ही मुलगे गेले. बारा गावकरी बसले आणि त्यांनी सांगितलं की वारस मुलगी माटिल्डा, वय वर्षं नऊ. पुढे सायमन नावाच्या शेजारच्या घरातल्या धाकट्या मुलाशी तिचं लग्न झालं आणि त्याने पेनबरी हे नाव घेतलं. आता तुम्हीच सांगा दादा, आपल्या नियमाप्रमाणे यात विचार करण्यासारखं काय होतं? सायमन घरजावई, त्याची मुलंबाळं परक्या घराण्याची. मी राल्फपुढे वर्तुळ काढायला सांगितलं आणि सायमनपासून साहेबांपर्यंतची सगळी मंडळी खाली तळटिपेत घातली. वसुधाने ब्रश शाईत बुडवून तसाच धरला आणि विचारलं, "बाबा, ही माटिल्डा तर जिवंत आहे ना?" मी म्हटलं, आहे, पण नियम आहे. तिने वर्तुळ काढलं. फार सुरेख, मोकळ्या हाताने, कंपासशिवाय. त्याच संध्याकाळी तुमचं पान एकशे सत्त्याऐंशी टपालाने आलं. ते तिनेच फोडलं, तिनेच वाचलं. माझ्या नावापुढचं वर्तुळही तिने पाहिलं असणारच. पान माझ्या चष्म्याखाली नीट ठेवून ती भाकऱ्या करायला गेली. तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही.

गेल्या रविवारी वंशवृक्ष पोचवायला निघालो. कुंदाच्या जुन्या पांढऱ्या लुगड्यात गुंडाळून खांद्यावर घेतला. बसच्या कंडक्टरने दारातच अडवून, "शेठ, सामान आहे की पेशंट?" असं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता घंटी मारली. मग मुलुंडपासून कांजूरपर्यंत पायी. भांडुपला रस्त्याकडेच्या दोघातिघांनी टोप्या काढल्या आणि एक म्हातारा चार पावलं माझ्याबरोबर चालला. लहानच होतं का, असं त्याने हळूच विचारलं. मी म्हटलं, नाही, आठशे वर्षांचं आहे. तो मागे राहिला.

बंगल्यावर साहेबांनी दहाबारा पाहुणे बोलावलेले. वंशवृक्ष भिंतीवर लागला. सगळे वाहवा करू लागले. गोत्र म्हणजे काय ते मी समजावलं, तेव्हा मडमेने टाळी वाजवली. हॅरल्डच्या (म्हणजे साहेबांच्या) घराण्यात एखादा ऋषी असेल असं तिला तीस वर्षांत कधी वाटलं नव्हतं म्हणे. साहेब मात्र पहिल्या रॉजरवर बोट ठेवून एकेक पिढी खाली उतरत होते. उतरत उतरत बोट वर्तुळाशी आलं आणि थांबलं. त्यांनी विचारलं, मी कुठे आहे? मी म्हणालो, सर, आपण यात नाही. आपण खाली तळटिपेत आहात. पेनबरी घराणं तेराशे एकोणपन्नास साली संपलं.

दादा, सगळे पाहुणे पुढे सरकून ते वर्तुळ बघू लागले. साहेबांनी विचारलं, माटिल्डा तेव्हा मेली का? मी म्हटलं, नाही सर, त्यानंतर बासष्ट वर्षं जगली, आणि ती सगळी वर्षं जमीन तिच्याच हक्काची होती. मग संपलं काय, असं ते म्हणाले. मी त्यांना आपला ठराव समजावून सांगितला. त्रेचाळीस सालची कागदटंचाईही सांगितली. मडम हसली, पण साहेब हसले नाहीत. त्यांनी विचारलं, मिस्टर हिंदळेकर, तुम्हाला मुलगे किती? मी म्हटलं, एकही नाही सर, एक मुलगी, हे सगळं तिनेच काढलं आहे. साहेबांनी वर्तुळाकडे बोट केलं. हेसुद्धा? मी म्हटलं, येस सर. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि खाली पाहिलं. मुलीचा हात फार चांगला आहे, एवढंच म्हणून त्यांनी माझ्यापुढे सँडविचची बशी धरली. मी दोन घेतली आणि दोन्ही हातात धरून तासभर उभा राहिलो.

रागावले असते तर बरं झालं असतं. रागाला काय करायचं ते मला कळतं. त्यांनी फक्त खालचा भाग नव्याने जोडून द्या म्हणून सांगितलं, आणि आता गॅलरीत सायमनची नातवंडं पसरली आहेत. वर्तुळाची शाई पक्की, खोडता येईना. तेव्हा वसुधाने माटिल्डाचं नाव वर्तुळाच्या आतच बारीक अक्षरांत लिहिलं आणि तिथून खाली रेघ ओढली. झालं काम. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मी मागे उभा राहून बघत होतो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, दादा, आणि ते मी कोणाला सांगितलेलं नाही.

असो. आपला नियम तो नियम. पान सोबत पाठवलं आहे. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला आज्ञाधारक,
अनंत

ता. क. पान एकशे सत्त्याऐंशीवरच्या वर्तुळात 'वसुधा' ही तीन अक्षरं बसतील का, एवढं छापखान्यात विचाराल? मी मोजून पाहिलं, बारीक टाइपात बसतात. कागद एक इंचही जास्त लागत नाही. मंडळात कोणी विचारलं तर खिळे जुळवणारा जुळारी चुकला म्हणून सांगावं. माझं नाव घेऊ नये.

ता. क. दुसरा. कुंदाने पत्र वाचलं. जुळाऱ्याला कशाला मध्ये ओढता, असं म्हणाली. आणि म्हणाली, तुमच्यापुरतंच मागताय होय? मी चपला घालून पाच रस्त्याच्या नाक्यापर्यंत जाऊन आलो. आल्यावर आपली सगळी पानं काढून मोजली. एकतीस हयात घरांपुढे वर्तुळं आहेत, सगळी माझ्या हातची. पान ब्याण्णववरचं आपल्या भाऊकाकांचं आहे. त्यांच्या लेकीने, विमलाने, त्यांचं पाच वर्षांचं दुखणं काढलं, आणि तुम्ही नि मी ते पान तिच्याच घरी, तिच्या हातचं जेवून लिहिलं.

ता. क. तिसरा. पहिला ता. क. रद्द समजावा. छपाई थांबवा दादा, मंडळापुढे मी उभा राहीन आणि ठराव माझा होता हेही सांगेन. एकतिसांपैकी नऊ घरच्या मुलींची नावं आठवून सोबत लिहिली आहेत. उरलेल्या बावीस घरी मी स्वतः वही घेऊन गेलो होतो. त्या मुलींनीच मला चहा आणून दिला असणार. नावं मी विचारली नाहीत.