रोह्याचं स्टेशन फळीवरच राहणार

हमरापूर, शनिवार, १२ जून १९९९

बाळू आज परत म्हणाला, "आये, तुझी खेळण्यातली आगगाडी फळीवरून काढ. गणपती वाळायला ठेवायचेत."

नाय काढणार! रोह्याचं स्टेशन केलंय मी, मागच्या डोंगरासकट, मूर्तीच्याच प्लास्टरचं नि काथ्याचं. सुनेनं पेणच्या कंप्युटर क्लासातून इंटरनेटवर त्याचा फोटो पाठवलेला, डोंगराचं वजनपण लिहिलेलं. अशा गाड्या बनवणारी देशोदेशीची माणसं तिथं गप्पा मारतात म्हणे. आज उत्तर आलं. डोंगर एवढा हलका कसा केला, विचारतायत. मला, चौथी नापासाला!

सून हसत म्हणाली, "इंजिनाला डोळे का, तेपण विचारलंय."

आता जन्मभर गणपतीचे डोळे आखले. रंगवलेली वस्तू बिनडोळ्यांची सोडवत नाय, त्याला काय करू?

बाळूला सांगितलं, गणपती माझ्या खाटेवर ठेव. मी खाली निजेन.