पाटी झाडामागे होती

क्वारी रोड, उत्तर मिशिगन
९ नोव्हेंबर, रविवार

कीथ यास आशीर्वाद.

मी बरा आहे. पहिला बर्फ पडला आणि वितळलाही. काल सौना तापवली होती. शेजारचा वॉल्टर आला, घाम काढला आणि माझ्या खिमा-बटाटा भरलेल्या तीन पेस्ट्या खाऊन गेला. तूही बरा असशील.

पत्राचं कारण असं. गेल्या महिन्यात सरकारी जंगलात तुझ्या शिकारीच्या मचाणाला प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून जी चिठ्ठी अडकवलेली होती, ती माझी. अक्षर ओळखलं असशीलच. सरकारी जंगलात मचाण बांधायचं तर मालकाच्या नाव-पत्त्याची पाटी खालून वाचता येईल अशी लावायची, हा नियम. तुझी पाटी झाडामागे होती. मला ती दिसली नाही, तिरमिरलो आणि तिथंच चिठ्ठी खरडली. ‘तू कोण दीडशहाणा आहेस ते मला ठाऊक नाही,’ अशी सुरुवात केली होती. ती तुझ्यासाठी नव्हती.

बाकीचं मात्र मागे घेत नाही. जंगल कुणाच्या बापाचं नाही, जो आधी येऊन बसेल त्याची जागा, हे मान्य. पण एखाद्याचं मचाण, इथे माझं, डोळ्यांना दिसत असताना त्याच्या पुढ्यात आपलं बांधू नये. आपल्या बंदुकीचं तोंड त्याच्याकडे होईल असं तर नाहीच नाही. आणि जिवंत मेपलच्या झाडात खिळे? तू शाळेत होतास तेव्हाच हे सगळं तुला शिकवलेलं आहे.

मी चिठ्ठी अडकवत होतो तेवढ्यात वॉल्टर लघवीला म्हणून झाडामागे गेला.

“अरे आर्विड, इथं तर तुझंच नाव आहे!”

“माझं कसं असेल?”

“नीमेला हे आडनाव लिहिलंय ना ढळढळीत. चष्मा लाव, म्हाताऱ्या.”

चष्मा लावला. कीथ नीमेला, आणि खाली पत्ता आपल्याच गावातल्या पुलापलीकडचा. मी समजत होतो की तू अजून डेट्रॉइटलाच आहेस. पोरगा गावात परत आलाय हे बापाला झाडावर वाचून कळावं, याचं वाईट वाटलं. फार वाटलं.

“काढ ती चिठ्ठी,” वॉल्टर म्हणाला. मी काढली नाही. काढली असती तर मी तिथे येऊन गेलो हे तुला कळलंच नसतं.

तुझ्या आईच्या, आयलीनच्या, दफनाच्या दिवशी तू काय बोललास आणि मी काय बोललो, ते इथे उगाळत नाही. सहा वर्षं झाली त्याला. तिला हे अजिबात आवडलं नसतं, एवढंच.

परवा पुन्हा तिकडे गेलो. तू खिळे उपटून पट्टे बांधले होतेस. पाटी पुढे आणली होतीस. मचाण फिरवून त्याचं तोंड दलदलीकडे केलं होतंस. अशा चिठ्ठीखाली लोक काय काय लिहून ठेवतात ते मी आजवर पाहिलंय. तू एक अक्षर उलट लिहिलं नाहीस. मी खाली ओंडक्यावर बसलो तो बराच वेळ बसूनच राहिलो.

एक तर मन भरून आलं होतं. दुसरं म्हणजे खुब्याचं दुखणं. माझ्या मचाणाला शिडी नाही हे तुला माहीत आहे, नुसत्या बुंध्याला बांधलेल्या पायऱ्या. यंदा मी एकदाही वर चढलेलो नाही. वॉल्टरला वाटतं मी वर बसतो, त्याला सांगू नकोस. मी खाली बादली पालथी घालून बसतो. तिथून हरणं सोडून सगळं दिसतं. म्हणजे ज्या मचाणासाठी तुझ्यावर एवढा डाफरलो, त्याचा मला आता काडीचा उपयोग नाही.

तुझ्या मचाणाला चांगली शिडी आहे. पुढे कठडा आहे. आणि बैठक दोघांची आहे. एकट्या माणसाने एवढं धूड जंगलात ओढत कशाला न्यावं, हे परवापासून डोक्यातून जात नाही. कुणी मित्र असेल तुझा, बायको असेल. तसं असेल तर त्या माणसालाच बसव, मी मनाला लावून घेणार नाही.

पण ती जागा रिकामी असली तर शनिवारी, हंगामाच्या पहिल्या दिवशी, उजाडायच्या आधी मी जंगलाच्या फाटकापाशी येऊन थांबेन. बंदूक आणणार नाही, माझ्या नजरेवर आता माझाच भरवसा नाही. नुसता बसेन. खोकला आला तर गिळेन. मचाणावर कुणी बोलत नसतं, ते आपल्या दोघांच्याही सोयीचं आहे.

फक्त शिडी चढताना मला मागून हात लावावा लागेल. हे एक वाक्य लिहायला दोन दिवस टेबलाशी बसलोय.

तुझा,
बाबा